सामाईक फाइल

धुळ्याला माझ्या बहिणीच्या घराची वाटणी झाली तेव्हा भिंत मोरीच्या मधोमध गेली. नळ तिच्या मोठ्या दिरांकडे, पितांबर आबांकडे आला, सांडपाण्याचं भोक तिच्या नवऱ्याकडे, धाकट्या लोटनकडे. तेव्हापासून दोन्ही बाजूंना वास येतो आणि दोन्ही बाजू तो दुसऱ्याचा आहे असं सांगतात.

कॉम्प्युटर मात्र चिरता आला नाही. तो आबांच्या खोलीत राहिला आणि वेळेची वाटणी झाली: दुपारपर्यंत आबा, नंतर लोटनची मुलगी ललिता. ललिता एम.ए.ला होती. साक्रीकडच्या आठवडे बाजारांवर प्रबंध लिहीत होती. शेवटचं प्रकरण टाइप करायचं राहिलं होतं, परवा प्रबंध द्यायचा होता, आणि डिस्क भरली म्हणून मशीन काही साठवून घेईना. मी जळगावच्या कॉलेजात शिकवतो आणि घरी कॉम्प्युटर बाळगतो, म्हणून मला बोलावणं आलं.

मी मशीन उघडलं. पडद्यावर मासे पोहत होते. माऊसच्या बाणाच्या जागी पोपट. कुंडलीचे पाच प्रोग्राम, पत्त्यांचे तीन खेळ, लग्नपत्रिकांच्या नक्षीचे दोन प्रोग्राम, आणि डाउनलोड करून उघडूनही न पाहिलेल्या फाइलींचा उकिरडा. फुकट मिळतं म्हणून आबांनी टेलिफोनच्या तारेतून सगळी घाण ओढून घरात आणली होती. त्यांच्या मुलीचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती.

"आबा, यातलं काय काढू?"

"तुम्ही हात नका लावू, प्रोफेसर. हाई बठ्ठं मनं शे." एरवी शुद्ध बोलणारे आबा हिश्शाचा विषय निघाला की अहिराणीत येत. "सगळं माझं आहे, माझ्या वस्तू मीच काढीन."

"कुंडल्या तरी काढा आबा," ललिता म्हणाली. "पाचही प्रोग्राम तुम्हाला मंगळ दाखवतात."

"एक दाखवत नव्हता. तो मुदत संपून बंद पडला."

आबा कुंडल्या काढायला बसले. मी भिंतीपलीकडे बहिणीकडे चहाला गेलो. ही माझी चूक म्हणायला हरकत नाही, पण त्या खोलीत माशांसमोर बसवेना.

परत आलो तेव्हा आबा समाधानाने पान लावत होते. ललिताने तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम उघडला. उघडला नाही. पुन्हा उघडला. एक करडी चौकट आली आणि गेली.

"आबा, काढताना मशीनने काही विचारलं होतं?" मी विचारलं.

"विचारत होतं ना. ही फाइल सामाईक आहे, दुसरे प्रोग्रामही वापरत असतील, काढू का?"

"मग?"

"म्हटलं काढ. सामाईक ठेवायचंच कशाला? मोरीत काय झालं ते पाहिलं ना तुम्ही. दरवेळी तेच विचारायला लागलं, मग सगळ्यांना एकदम हो म्हणायचं बटण होतं, ते दाबलं."

"त्यातली एक ललिताच्या प्रोग्रामला लागत होती."

"माझ्या लग्नपत्रिकांनापण लागत होती. त्याही बंद पडल्या." आबांनी पान तोंडात टाकलं. "तिचं गेलं, माझंही गेलं. यात अन्याय कुठे शे?"

मासे मात्र पोहत होते. त्यांना कोणाशी काही सामाईक नव्हतं.

ललिता रडली नाही. प्रबंधाची फाइल जागेवर होती, फक्त ती उघडायला धुळ्यात काही उरलं नव्हतं. टायपिंगचा प्रोग्राम जळगावला माझ्या मशीनवर होता. तिने टेबलावरची फ्लॉपी घातली, फाइल उतरवली, हाताने लिहिलेलं शेवटचं प्रकरण पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या.

"फ्लॉपी दोघांची शे," आबा दारातून म्हणाले. "काम झालं की पाठवून दे. पुसून."

ती मागे न बघता म्हणाली, "पुसायचं बटण तुम्हाला चांगलं येतं आबा. तुम्हीच पुसा."

बसमध्ये ती फ्लॉपी मुठीत धरून बसली होती. एरंडोल गेल्यावर तिने विचारलं.

"मामा, तुमच्या कॉम्प्युटरवर आणखी कोणाचा हिस्सा आहे?"

"कोणाचाच नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तेव्हा कुठे तिने फ्लॉपी पिशवीत ठेवली.