आमच्या गल्लीला काही नको

नगरपालिकेचा माणूस आला तेव्हा मी डाळ निवडत होते. खांद्याला पिशवी, हातात कागद, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दारातूनच त्याने तमिळमध्ये आजी म्हणून हाक मारून विचारलं, "पाट्टी, घरात साठीच्या वरचं कोण कोण?"

"मी आणि माझी थोरली जाऊ," मी म्हटलं. "आत या. उन्हात उभे राहू नका. कॉफी घ्याल?"

"वेंडाम, नको, पाट्टी. आत्ताच झाली."

आत्ताच झाली म्हणजे झालेली नाही, हे न कळायला मी काय काल तंजावूरला आले? मी डिकाक्शन गरम करायला ठेवलं. तो "अय्यो, कशाला, कशाला" म्हणत राहिला आणि म्हणता म्हणता ओट्यावर टेकला. टंबळर हातात दिल्यावर एका दमात प्यायला. मग त्याने कागद उघडले.

"तुम्हाला डॉक्टरांची गरज आहे का? आठवड्यातून एकदा तपासायला?"

"छे. आम्ही बऱ्या आहोत."

"हातापायांच्या व्यायामासाठी बाई?"

माझी जाऊ जयलक्ष्मी आतल्या खोलीत पलंगावर होती. तिथूनच तिचा आवाज आला, "कमळे, त्याला सांग, या घरात कशाची कमी नाही. मराठी राजाच्या वेळेपासून हे देणारं घर आहे."

"बसायला-उठायला एखादी खोली? पेपर, पंखा?"

"आमचा ओटा आहे ना," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही मागितली. प्रौढांच्या वर्गात जाऊन मी नुकती सही शिकले होते, त्यामुळे जिथे मिळेल तिथे करायची मला हौस. कमलाक्षी, पूर्ण नाव, वळणदार. वर काय लिहिलंय ते वाचायचं राहून गेलं. कागद पिशवीत घालून तो शेजारी सीतारामरावांकडे गेला.

आता अक्काचं सांगते. जयलक्ष्मीला मी अक्का म्हणते. मागच्या वर्षी पोंगलच्या आधी ती न्हाणीघरात घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं आहे, आता रोज व्यायाम करून चालवा, नाहीतर पाय आखडेल. व्यायामाची बाई होती मोठ्या इस्पितळात, गावाच्या त्या टोकाला. एकदा ऑटोतून नेलं. प्रत्येक खड्ड्याला अक्काने ऑटोवाल्याच्या पूर्वजांची आठवण काढली आणि घरी आल्यावर म्हणाली, "परत नेलंस तर बघ." तेव्हापासून पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग. उचलायला मी. आमचे दोघींचे नवरे गेले. मुलं मद्रासला आणि त्याच्याही पुढे. पगार चांगले, फोन रविवारी.

आठवडा झाला असेल. विनुता मोपेडवरून आली. ही आमच्याच गल्लीतली सून, तिरुवैयारूची मुलगी. कितीतरी वर्षांनी नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या, बायकांसाठी वॉर्ड राखीव आला आणि विनुता निवडून आली. मोपेड उभी न करताच तिने ओरडायला सुरुवात केली.

"मामी! सीतारामराव मामा! बाहेर या सगळे!"

ओट्यांवर माणसं जमली. आमच्या गल्लीत पासष्टीच्या खालचं माणूस दुपारी सापडत नाही, त्यामुळे जमले ते सगळे पिकलेलेच.

"मी सभेत घसा फोडून भांडले," विनुता म्हणाली. "वृद्धांसाठी एक केंद्र उघडायचं ठरलंय, आधी एकाच ठिकाणी. आठवड्यातून एक दिवस डॉक्टर, दोन दिवस व्यायामाची बाई. आपल्या कोपऱ्यावरची शाळेची बंद खोली मी दाखवली. दुसरी जागा रेल्वेलाइनच्या पलीकडे. दोन्हीकडे माणूस पाठवून विचारून घेतलं. पलीकडच्यांनी काय सांगितलं, माहीत आहे? डॉक्टर द्या, पंखा द्या, टीव्ही द्या, चहा द्या. आणि तुम्ही?"

एवढं बोलून तिने मोपेड एकदाची स्टँडला लावली.

"घरोघरी एकच उत्तर! काही नको! मामा, तुम्हाला रात्री पायरी दिसत नाही, गेल्या महिन्यात गटारात पडलात. तुम्हीही नको म्हणालात?"

सीतारामराव जुने पोस्टमास्तर. त्यांनी उपरणं सारखं केलं. "आता असं आहे विनुता, कुणी दारात येऊन विचारलं की हवं का, तर लगेच हवं म्हणायचं? भिकाऱ्यासारखं? त्याने पुन्हा विचारायला हवं होतं. मी नको म्हटलं आणि तो लिहूनच मोकळा झाला! आग्रह म्हणून काही असतो की नाही?"

"नगरपालिका आग्रह करत नाही, मामा!"

"मग पंगत वाढायला कशाला निघाली?" सीतारामराव म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही. कोपऱ्यावरची ती खोली आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. व्यायामाची बाई तिथे आली असती, तर अक्काला खुर्चीसकट उचलून नेता आलं असतं. रेल्वेलाइनच्या पलीकडे म्हणजे पुन्हा ऑटो, पुन्हा खड्डे. म्हणजे कधीच नाही. आणि केंद्र तिकडे जावं अशा कागदावर सही कुणी केली? मी.

"अजून काही करता येईल का गं?" मी विचारलं.

"सोमवारी फाइल वर जाते. त्याआधी साहेबांना भेटा. मी नेते."

दुसऱ्या दिवशी आम्ही चारपाच जण टाउन बसने नगरपालिकेत गेलो. साहेबांचं नाव सूर्यनारायण. गोल चेहरा, कपाळाला विभूती, टेबलावर फायलींच्या थप्प्या. माणूस वाईट नव्हता. आम्हाला पाहून उठून उभा राहिला आणि खुर्च्यांकडे हात केला. "बसा, बसा."

"नको नको," सीतारामराव म्हणाले, "आम्ही उभेच बरे."

"बरं," साहेब म्हणाले आणि स्वतः बसले.

आम्ही उभे. बसमध्येही उभंच राहावं लागलं होतं. माझे गुडघे करकरायला लागले. सीतारामरावांनी टेबलाची कड धरली. मागे कमानीत कुणीतरी भिंतीला टेकलं. साहेब फाइल चाळत होते आणि रिकाम्या खुर्च्या आमच्याकडे बघत होत्या.

विनुताच्या लक्षात आलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. "सर, ह्यांना परत बसायला सांगा."

"ते नको म्हणाले ना?"

"परत सांगा, सर."

"बसा ना," साहेब म्हणाले.

"राहू द्या हो, कशाला त्रास," सीतारामराव म्हणाले. पाय थरथरत होते तरी.

"अजून एकदा, सर."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, कृपा करून बसा!"

"तुम्ही एवढं म्हणताय तर..." म्हणेपर्यंत सगळे बसलेसुद्धा. खुर्च्यांचा एकदम खडखडाट झाला.

साहेब आमच्याकडे पाहत राहिले. मग फाइलकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि आवाज न करता ते बराच वेळ हसले. "म्हणजे माझ्या माणसाने एकदाच विचारलं."

"आणि कॉफी मात्र पिऊन गेला," मी म्हटलं.

"त्याला तुम्ही किती वेळा विचारलं होतं?"

"त्याला विचारायचं काय? सरळ करून दिली."

यावर ते पुन्हा हसले, पण मग गंभीर झाले. "हे बघा, पाट्टी. मी खोली उघडली, बाईला पगार दिला आणि तुम्ही संकोचाने कुणी आलाच नाहीत, तर केंद्र बंद होईल आणि पुढे कधी कुणाला मिळणार नाही. पलीकडचे येतील, याची मला खात्री आहे. तुमची नाही. उद्या मी स्वतः तुमच्या गल्लीत येतो. ज्याला खरंच यायचंय त्याने तोंडाने सांगायचं. सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

घरी येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. खुर्च्यांचं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. बाकीचं सांगितल्यावर भिंतीकडे तोंड केलं.

"मला नको. नगरपालिकेच्या खोलीत चार लोकांसमोर मी पाय उचलून दाखवू? ह्या वयात?"

"अक्का, उद्या ते विचारतील. त्यांच्यासमोर तरी..."

"नको म्हटलं ना."

हे तिचं नको पुन्हा विचारण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं एका चुलीवर काढल्यावर फरक कळतो.

सकाळी तिला पलंगावरून खुर्चीत घेताना माझ्या पाठीत काहीतरी लचकलं. अक्काला कशीबशी खुर्चीत ठेवली आणि मी तिथेच जमिनीवर बसले. उठता येईना.

"काय झालं?" अक्काने विचारलं.

"काही नाही."

"पाठ का?"

"काही नाही हो, अक्का. जरा बसले."

"तेल लावायला कुणाला बोलावू?"

"नको. मी ठीक आहे."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मी पदराने तोंड पुसलं, भिंत धरली, उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले.

"त्या कागदवाल्यालाही हेच सांगितलंस वाटतं," ती म्हणाली. मग स्वतःच्या पायाकडे बघत बसली.

दहाच्या सुमाराला साहेब आले, सोबत विनुता. वाटेत तिने त्यांना सगळं पढवून ठेवलेलं दिसत होतं. आधी सीतारामराव. त्यांनी रात्रभर पाठ केलं होतं म्हणे, की सरळ हवं म्हणायचं, एका फटक्यात. पण साहेबांनी "मामा, केंद्रात येणार का?" म्हटल्याबरोबर इतक्या वर्षांची जीभ आपली वाट धरून गेली. "छे हो, मला कशाला!" सीतारामरावांनी स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला. साहेबांनी शांतपणे पुन्हा विचारलं. "बघू." पुन्हा विचारलं. "तुम्ही म्हणताय तर येतो बापडा." विनुताने पदर तोंडात कोंबला होता. अशा रीतीने ओट्याओट्यावर आग्रह करत साहेब आमच्या घरापर्यंत आले तेव्हा त्यांचा घसा सुकला होता. मी भिंत धरत धरत ताक आणून दिलं.

ते अक्काच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पाट्टी, कोपऱ्यावर व्यायामाची बाई आली तर तुम्ही याल का?"

माझं लक्ष अक्काच्या ओठांकडे. गल्लीतली निम्मी माणसं दारात.

"हवं," अक्का म्हणाली.

साहेब पुढे झुकले. "संकोच करू नका, पाट्टी. हे तुमच्यासाठीच आहे. याल ना?"

"हवं म्हटलं."

"तरी पुन्हा एकदा विचारतो, आग्रहाने..."

"अरे, किती वेळा विचारशील!" अक्का कडाडली. "हवं, हवं! कान गेलेत का तुझे? असतील तर तू पण ये त्या डॉक्टरकडे. आणि मंगळवारी तीननंतर बाईला ठेवू नकोस, राहुकाळ असतो."

साहेब स्टुलावरून पडता पडता वाचले. दारात हशा पिकला. हशा ओसरल्यावर अक्का जरा खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी नाही. हिच्याच्याने आता मला उचलवत नाही. मी उभी राहिले तर हिला बसता येईल."

मी ताकाचं भांडं घासायच्या निमित्ताने आत गेले.

खोली आम्हाला मिळाली. पलीकडच्यांनाही अगदी कोरडं ठेवलं नाही. साहेबांनी व्यायामाच्या बाईचे दिवस वाढवून वाटून दिले, दोन इकडे, दोन तिकडे. टीव्ही तिकडे गेला, आमच्याकडे पंखा आला आणि फिरताना कुरकुरायचा म्हणून सीतारामरावांना बोलायला एक विषय मिळाला.

बाईचं नाव संगीता. काटकुळी, पण हाताला जोर. पहिल्या दिवशी दोघांनी अक्काला खुर्चीसकट नेलं. मी मागे छत्री धरून. एखादी उत्सवमूर्ती निघाल्यासारखी गल्लीने वाट करून दिली. खोलीत संगीता म्हणाली, "पाट्टी, पाय वर." अक्का म्हणाली, "तुझ्या आजीला सांग." संगीताने न बोलता पाय धरला आणि उचलला. अक्काने शिव्या दिल्या. संगीताने आकडे मोजले. दोघींचे आवाज एकाच तालात रस्त्यापर्यंत ऐकू यायचे. डॉक्टरांच्या दिवशी रक्तदाब तपासायला आलेली माणसं आधी तो कार्यक्रम बघून घ्यायची. काही आठवड्यांनी खुर्चीच्या जागी चौपायी आधार आला, लोखंडी, खाली रबर लावलेला. त्याच्यावर अक्का पलंगापासून मधल्या दारापर्यंत यायची आणि तिथे उभी राहून स्वयंपाकघरात मी काय चुकतेय ते सांगायची. उचलायचं बंद झालं. माझी पाठ हळूहळू सुटली.

मग थंडीचा मार्गळी महिना लागला. पहाटे धुकं होतं, देवळात गाणं लागलं होतं. मी दारात सडा घालून तांदळाच्या पिठाने कोलम काढत होते. वाकायला आता त्रास होत नव्हता. मागे लोखंडाचा ठक ठक आवाज आला. वळून पाहिलं तर अक्का उंबऱ्यात उभी. एकटी. वर्षाहून जास्त काळानंतर तिने गल्ली स्वतःच्या पायांवर उभं राहून पाहिली होती. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल तिच्या.

तिने खाली रांगोळीकडे पाहिलं. "हे काय काढलंयस?"

"कोलम."

"हे? माझ्या दारात? मी पडून होते तेव्हा रोज हेच चाललं होतं? ठिपके बघ, भांडण झालेल्या जावांसारखे एकमेकांपासून लांब बसलेत. आणि ती कमळाची पाकळी आहे की पडवळ?"

"दिसत नसेल तिथून," मी म्हटलं. "एवढं वाईट असेल तर खाली येऊन पुसा."

अक्काने पायरीकडे पाहिलं. पायरी दगडाची, तशी उंच. मी उठले नाही, हातही पुढे केला नाही. संगीताने तसं बजावलं होतं. अक्काने आधार पुढे टेकवला, हलवून बघितला, चांगला पाय खाली ठेवला.

"पिठाचा डबा सरकव इकडे," ती म्हणाली, "आणि तू ऊठ तिथून."