चुंबक चिकटलेला सायलेन्सर

मित्रांनो, गाडीवर निबंध लिहायला सांगितला की तुम्ही चाकांबद्दल लिहिता, दिव्यांबद्दल लिहिता, हॉर्नबद्दल तर पानभर लिहिता. माझ्यासाठी कोणी एक ओळ खर्च करत नाही. मी एका म्हाताऱ्या मॉरिस गाडीचा सायलेन्सर आहे. इंजिनाचा धूर मागे नेऊन सोडायचा आणि त्याचा आरडाओरडा पोटात ठेवायचा, हे माझं काम.

गाडी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर राहणाऱ्या त्र्यंबक मास्तरांची. मास्तर दर रविवारी तिला कोलशेतच्या खाडीकडे फिरायला न्यायचे आणि तिथली खारी हवा तिचा लोखंडी सायलेन्सर दोन वर्षांत खाऊन टाकायची. १९८४ साली असाच एक सायलेन्सर गळून पडला, तो नेमका तिथल्याच दामाजी नाखवांच्या दारात. दामाजी जातीचे कोळी, पण होडी भावांवर सोपवून ते कारखान्यात दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडायचे. त्यांनी तो गंजका तुकडा उचलून बघितला.

"मास्तर, यो गेला. मी तुमाला स्टीलचा करून देतो. त्यात दूध नासत नाय, मग धूर काय नासनार?"

मास्तरांना हे पटलं. माझा जन्म असा पटल्यामुळे झाला.

दामाजींनी कारखान्यात विचारून उरलेला पत्रा आणला. त्याचं माझं पोट केलं. पाइप वाकवताना त्यात रेती ठासली आणि न तापवता, हातोडीने हळूहळू ठोकत वळण दिलं. मी गाडीखाली बसलो तेव्हा इतका चकचकीत होतो की मागून येणारे रिक्षावाले माझ्यात बघून भांग पाडायचे. पुढे आठ-दहा पावसाळे गेले. काजळीने मी काळाठिक्कर झालो, पण गंजलो नाही. मास्तर भेटेल त्याला सांगायचे, "आमचा सायलेन्सर दामाजींचा आहे."

मग दामाजी काविळीने गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९९४ साली, मास्तरांनी गाडी आंबिवलीला महिपत मिस्त्रीकडे दिली. गाडीचा तळ इतका सडला होता की मास्तरांना चालता चालता रस्ता दिसायचा. महिपतने गाडी पूर्ण उघडली आणि मला मागच्या ढिगात टाकलं. तिथे माझ्यासारखेच आणखी चार काळे पाइप होते. तळ बसायला वर्ष लागलं. गाडी जोडायची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, "यातला एक दामाजींनी केलेला आहे, स्टीलचा. तोच बसवायचा."

आमच्यातला स्टीलचा कोण, हे महिपतलाही आठवेना. त्याने फुटक्या स्पीकरमधलं चुंबक आणलं. स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे त्याचं शास्त्र. त्याने ते माझ्या वळणावर टेकवलं आणि ते चिकटलं.

मित्रांनो, इथे मला ओरडावंसं वाटलं. थंड स्टील ठोकून वाकवलं की वळणावर त्याला चुंबकाची थोडी ओढ लागते. दोन बोटं पुढे, सरळ भागावर लावलं असतं तर ते घसरून पडलं असतं. पण महिपतने प्रत्येकाचं वळणच धरलं.

"सगळं लोखंड आहे मास्तर. उद्या बाराला भंगारचा टेम्पो येतोय. मी नवा बसवतो ना, टेन्शन कशाला घेता?"

मास्तर इतिहास शिकवायचे. विज्ञानापुढे त्यांनी हात टेकले. पण त्या दिवशी ते घरी न जाता कोलशेतला गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दामाजींची बायको शेवंतीबाई गॅरेजमध्ये आली. पिशवीत राख, चिंच आणि नारळाची शेंडी.

"काकी, चुंबक खोटं बोलत नाय," महिपत म्हणाला.

"त्या बांबूला लाव."

त्याने लावलं. चिकटलं नाही.

"मंग त्यो बांबू स्टीलचा काय रे?"

महिपतने चुंबक खिशात टाकलं.

शेवंतीबाई बसली आणि एकेक पाइप घासू लागली. "आमच्यात हळदीला सगळ्या आळीची भांडी एका घरी जातात. नाव नसलं तर परत येत नाय. यांनी बिननावाचं स्टील कवाच घराबाहेर जाऊ दिलं नाय."

चार पाइप घासून झाले. खाली नुसता गंज. पाचवा मी होतो. पोटावरची काजळी निघाली आणि ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसू लागली. तिला वाटलं होतं, त्यांचं नाव असेल. ती अक्षर लावून वाचत गेली. सौ. शेवंती दामाजी नाखवा. ११-५-८४.

'सौ.'वर तिचं बोट थांबलं.

"माजं नाव टाकलंन," ती म्हणाली. "मना सांगितलं पन नाय."

मास्तरांनी चष्मा पुसला. "शेवंतीबाई, हा तुमचा आहे. घरी न्या. महिपत नवा बसवेल."

तिने मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता आपण फळीवर, डब्यांच्या रांगेत.

"घरी नेऊन काय करू? यात काय भात शिजनार हाय?" ती म्हणाली. "गाडीला लावा. फक्त नारळी पुनवेच्या आधी दारात आना. घरातली सगळी भांडी घासते, त्यात यो पन."

आता दर श्रावणात मास्तर गाडी तिच्या दारात लावतात आणि रस्त्यात उभे राहून रिक्षा बाजूने काढून देतात. शेवंतीबाई गोणपाट अंथरून गाडीखाली शिरते. राखेने मला घासता घासता वर्षभराचं सांगते. होडीला नवं इंजिन बसलं. धाकटी बाळंत झाली, मुलगी आहे, नाक तुमच्यावरच गेलंय. मला नाक नाही, तेव्हा ती कोणाशी बोलते हे मला कळतं.

मित्रांनो, काळी पडलेली वस्तू भंगारात टाकण्याआधी एकदा घासून बघा. आणि गाडीखालून कोणाचे पाय बाहेर आलेले दिसले, तर लगेच हॉर्न वाजवू नका. कदाचित त्यांचं बोलणं संपलेलं नसेल.