गुडघ्यात वाकलेला काना

मित्रांनो, मी अक्षरांचं एक जुनं वळण आहे. छापखान्यातले खिळे मला ओळखत नाहीत. मानवतजवळच्या एका खेड्यात येडबा पेंटरच्या ब्रशातून माझा जन्म झाला. येडबा मेंढपाळाच्या घरचा. कोकराचा मागचा पाय वाकतो, तसा तो प्रत्येक काना गुडघ्यात वाकवायचा. ओळच्या ओळ आता उडी मारते की काय, असं वाटायचं. पहिली पाटी बालवाडीची रंगवली. ती बघून पोरं रडायची थांबतात, असं तिथल्या शिक्षिका सरजाबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. मग काय विचारता! रसवंती, जत्रेतला पाळणा, लग्नघरांच्या भिंती, सगळीकडे मीच. खरं सांगतो, मला जरा चढलंच होतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, या नामांतराच्या मागणीवरून गावोगाव वातावरण तापलं. येडबाचा शाळेपासूनचा सोबती सिताराम दलित वस्तीत राहायचा. तो म्हणाला, "येडबा, वेशीच्या भिंतीवर 'नामांतर झालेच पाहिजे' लिहून दे. माझं अक्षर कोण वाचंल?"

"लिहितो. पण सरळ लिहितो, कोणाला वळखू यायचं न्हाई."

बाजाराचा दिवस होता, सारा गाव मानवतला गेलेला. येडबानं पहिले तीन काने जपून सरळ ओढले. 'पाहिजे'पाशी मात्र त्याचा हात रंगात आला आणि काना गुडघ्यात वाकला. मला राहवलंच नाही, मित्रांनो. त्याला मीच पकडून दिलं.

संध्याकाळी गावातले मोठे जमीनदार दिनकरराव चुन्याची बादली घेऊन त्याच्या दारात आले. "येडबा, तुज्याच हातानं पूस. न्हाईतर उद्यापासून तुमची मेंढरं कोणाच्याच रानात बसायची न्हाईत." रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, यावर त्या घराची चूल पेटायची. येडबानं पुसलं. सिताराम समोर उभा राहून बघत होता. मग तो पाठ फिरवून निघून गेला.

त्यानंतर येडबानं मला जवळ केलं नाही. खताच्या जाहिराती, दुकानांची नावं, सगळं काठीसारखं ताठ. "अवो, अशी मुकी अक्षरं का काढायलाव तुमी?" त्याची बायको म्हाळसाबाई विचारायची. तो नुसता ब्रश धूत राहायचा.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. इतक्या वर्षांनी सिताराम येडबाच्या दारात आला. "चल. त्याच भिंतीवर लिहू. तुजं ते नाचरं अक्षर काढ."

येडबानं ब्रश टेकवला. काना ताठ आला. पुसून पुन्हा काढला, पुन्हा ताठ. मी त्याच्या बोटांपर्यंत धावत होतो, पण बाहेर यायची वाट सापडत नव्हती. "इसरलो रे, सितारामा," म्हणून तो लेकरासारखा रडला. सितारामनं नखानं चुन्याचा पोपडा काढला. खाली तो वाकलेला काना तसाच होता. "ह्याच्यावरून गिरव," सिताराम म्हणाला. येडबानं बोट ठेवलं, पण ते वाकणापाशी न वळता सरळ खाली उतरलं.

त्याच उन्हाळ्यात येडबा गेला. पुढे पावसात वेशीची भिंतही बसली. आता बालवाडीची गंजलेली पाटी तेवढी उरली आहे, आणि तिच्या जागी नवी छापील पाटी येणार असं ऐकतोय. येऊ द्या. पण मित्रांनो, जुनी भंगारात टाकण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. दोनच काने आहेत. तुमच्या हातात मला थोडी जागा द्या, मला दुसरं घर उरलेलं नाही.