परत आलेला कागद

मथुरामावशीने मासळीची पाटी खिडकीखाली उतरवली, दोन पापलेटं पानात गुंडाळून माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "घे अनंता. पोऱ्याचा जबाब आला."

ऑफिसच्या खिडकीत मासळी ठेवलेली मला खपत नाही. मी खेकसणारच होतो, पण तिचे शब्द कानात अडकले. तिच्या मुलाचा, हरेश्वरचा, जबाब माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तिच्याकडे पोचणं शक्यच नव्हतं.

घाटकोपरच्या आमच्या कॉम्प्युटर केंद्रात मी ऑपरेटर होतो. १९८८चा डिसेंबर होता. कॉम्प्युटरवरून परदेशी पत्र जातं हे तेव्हा माझ्या बायकोलाही खरं वाटत नसे. दुपारी चारला आमचं मशीन फोन लावून शहरातल्या मोठ्या मशीनला पत्रं द्यायचं, ते युरोपातल्या मशीनला, ते अमेरिकेला. येणारी पत्रं मी छापायचो, डिस्कवर जागा नसायची म्हणून लगेच पुसायचो, आणि कागद ट्रेमध्ये ठेवायचो. शिपाई धोंडू ते ज्याचे त्याला द्यायचा.

हरेश्वर माहुलचा. दोन वर्षं आमच्याकडे काम करून तो अमेरिकेला शिकायला गेला. त्याची आई आमच्याच गेटवर मासळी विकायची, म्हणून तिची पत्रं मी माझ्या खात्यातून पाठवायचो. ती सांगणार, मी इंग्रजीत टाइप करणार. उपकार करतोय असा माझा थाट असायचा, खोटं कशाला बोला.

सोमवारचं पत्र साधं नव्हतं. हरेश्वरची धाकटी बहीण जयंती हॉस्पिटलात होती. मूत्रपिंडं सुजली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका इंजेक्शनचं नाव लिहून दिलं होतं. बर्फात ठेवावं लागणारं ते इंजेक्शन इथे मिळत नव्हतं, आणि आठवड्याभरात मिळालं नाही तर पोरीचं काही खरं नाही, असं त्यांनी मावशीला तोंडावर सांगितलं होतं. हरेश्वर सुट्टीला येणारच होता, शनिवारच्या विमानाने तिथून निघायचा होता. बहीण आजारी आहे हे त्याला कोणी कळवलंच नव्हतं, उगाच पोराच्या जिवाला घोर नको म्हणून. आता एकच निरोप द्यायचा होता: जयंती आजारी आहे, येताना हे इंजेक्शन आण.

इंजेक्शनचं नाव मी दोनदा तपासलं. मावशीने विचारलं, पोचलं हे कळायचं कसं? मी ऐटीत म्हणालो, "परत नाही आलं म्हणजे पोचलं." ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघून निघून गेली.

मंगळवारी माझी रजा होती, पत्रं बदली ऑपरेटरने छापली. बुधवारी ट्रे रिकामा होता. पत्र पोचलं, असं मी धरून चाललो.

आणि आज गुरुवार. मी म्हटलं, दाखव बघू जबाब.

तिने कमरेच्या पिशवीतून घडी काढली. कडेला भोकं असलेला आमचाच कागद. वरच्या कोपऱ्यात हळदकुंकू लावलेलं. देव्हाऱ्यात ठेवला होता म्हणाली. मंगळवारी धोंडूने ट्रेमध्ये हरेश्वरचं नाव बघितलं आणि तिला नेऊन दिला. धोंडूला इंग्रजी अक्षरं लागतात, वाक्यं लागत नाहीत. आता तिला तो वाचून हवा होता, पोरगा काय म्हणतो ते.

पोरगा काहीच म्हणत नव्हता. कागद हरेश्वरचा नव्हताच. पत्र देता आलं नाही की समोरचं मशीन आपोआप रिपोर्ट धाडतं, तो होता. वर कारण: या नावाचा माणूस इथे नाही. खाली आमचंच पत्र जसंच्या तसं जोडलेलं, जयंतीच्या आजारासकट, इंजेक्शनच्या नावासकट. हरेश्वरने जागा बदलली असणार आणि त्या मशीनवरून त्याचं नाव निघालं असणार. मी पत्ता त्याच्या ऑगस्टमधल्या पत्रावरून उचलला होता. तो तपासावा असं मला सुचलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी तिच्यावर ओरडलो. दोन दिवस हा कागद देव्हाऱ्यात ठेवलास? मी सांगितलं नव्हतं, परत आलं तर वाईट म्हणून?

"आमची होडी जाते आन् परत येते, तवा देव पावला बोलतो आमी," मावशी म्हणाली. "जी परत येत नाय, तिच्यासाठी रडतो. ह्यो कागद परत आला, वर माज्या पोऱ्याचा नाव. मी काय समजायचा?"

तिचा नवरा धर्मा समुद्रावर गेला तो आलाच नव्हता, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मलाही होतं. शरमेने मान वर होईना.

आता करायचं काय? हरेश्वरने खोलीही सोडली असणार, तार करायची तर कुठे? त्याच्या विद्यापीठाला परदेशी कॉल लावायचा तर तिथे मध्यरात्र, शिवाय नाताळच्या सुट्ट्या लागलेल्या. राहिली एकच वाट. प्रत्येक मशीनला एक पोस्टमास्तर असतो. पोस्टमास्तर या नावाने लिहिलेलं पत्र मशीन परत करत नाही, ते तिथल्या खऱ्या माणसाकडे जातं. तो माणूस सुट्टीवर नसला तर.

मी लिहिलं. महाशय, हरेश्वर कोळी नावाचा विद्यार्थी तुमच्या मशीनवर होता. त्याला शोधा. त्याची बहीण मरणाच्या दारात आहे. खाली इंजेक्शनचं नाव, इथल्या डॉक्टरांचं नाव, हॉस्पिटलचा फोन. मग साहेबांना न विचारताच अकरा वाजता मशीनचा फोन लावला. नियम चारचा होता. नियम गेला खड्ड्यात.

लाइन तीनदा तुटली. चौथ्यांदा मोडेमने सूर धरला आणि पत्र गेलं. मावशी खिडकीपाशीच बसून होती. एव्हाना मासळीवर माश्या बसत होत्या, पण तिने पाटी झाकली नाही.

"आता परत येईल का?" तिने विचारलं.

खरं सांगायचं तर तेच मला छळत होतं. वाटेतलं एखादं मशीन बंद असेल तर मागचं मशीन पत्र धरून ठेवतं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि तीन दिवसांनी कळवतं की जमलं नाही. तीन दिवसांनी म्हणजे रविवारी. तोवर हरेश्वर विमानात बसलेला असणार. म्हणजे परत न येणं हासुद्धा पुरावा नव्हता. इतकी वर्षं मी ज्या वाक्याच्या जोरावर लोकांना घरी पाठवत होतो, ते अर्धंच होतं. हे मी तिला सांगितलं.

शुक्रवारी काही आलं नाही. शनिवारीही नाही. दर तासाला मी आलेल्या पत्रांची यादी बघत होतो. रविवारी सुट्टी असून ऑफिस उघडायला लावलं, तेव्हाही यादी रिकामीच होती. घरी जेवण गेलं नाही. होडीची वाट बघत किनाऱ्यावर बसणं काय असतं ते त्या तीन दिवसांत मला थोडं कळलं, आणि मावशीने ते किती वर्षं केलं असेल, याचा विचार करायचं धाडस झालं नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला आम्ही दोघं सहारच्या विमानतळावर कठड्याला टेकून उभे होतो. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं. रात्रभर ती हॉस्पिटलात होती. जयंतीचा चेहरा आणखी सुजलाय, एवढंच म्हणाली.

माणसं बाहेर येत होती. शेवटी हरेश्वर दिसला, दाढी वाढलेली, खांद्याला एकच बॅग. मी त्याच्या हातांकडे बघितलं. डबा नाही, पिशवी नाही, काही नाही. मावशी हातांकडे बघतच नव्हती. तिने दोन्ही हातांनी पोराचा चेहरा धरला होता.

हरेश्वर वाकून आईच्या पाया पडला. उठताना त्याने बॅग छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी.

"आई, जयू कुठल्या वॉर्डात आहे? आधी तिकडे चल. यातला बर्फ विरघळत आलाय."

मी कठड्यावर डोकं टेकून रडलो. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि टॅक्सी बोलवायला सांगितलं.