वाळलेल्या रोपट्याचे नाव

मी एक जुने, वाळलेले रोपटे आहे. वनस्पतींच्या संग्रहालयातले लोखंडी कपाट हे माझे घर. जाड कागदावर बारीक पट्ट्यांनी मला चिकटवले आहे. पाणी पिणे मी केव्हाच सोडले, पण मित्रांनो, कामातून मात्र अजून सुटले नाही!

ओढ्याकाठच्या एका खडकाच्या कपारीत मी उगवले. तिथे मला नाव नव्हते आणि त्यावाचून माझे काही अडतही नव्हते. एके दिवशी एक वनस्पतीशास्त्रज्ञ बाई माझ्यासमोर वाकून बसल्या. भिंग डोळ्याला लावून म्हणाल्या, "तू कुणाच्या घरातलं रे बाबा?"

त्यांनी मला मुळासकट काढले, टीपकागदांत दाबून वाळवले. माझी पाने, पाकळ्या, बिया माहीत असलेल्या रोपांशी ताडून पाहिल्या. कशाशीच पुरता मेळ बसेना. तेव्हा बाईंनी मला नवी जात म्हणून जाहीर केले. शास्त्रातले नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द आडनावासारखा, तो माझ्या सगळ्या चुलत भावंडांनाही आहे. दुसरा फक्त माझा. तो बाईंनी आपल्या थोरल्या बहिणीच्या नावावरून ठेवला. आईच्या माघारी त्याच ताईंनी शिवणकाम करून धाकटीला शिकवले होते.

त्या नावाचा मूळ नमुना मी. कोणाला शंका आली, की त्याने माझ्याकडे यायचे! दूरदूरचे अभ्यासक येत. ताई तर घरी आलेल्या पाहुण्यांनाही घेऊन येत आणि सांगत, "ही बघा मी. जरा वाळलेय, एवढंच!"

पुढे बाईंचे केस पिकले. परगावच्या एका संग्रहात त्यांना हुबेहूब माझ्यासारखे रोपटे दिसले. माझ्या कितीतरी आधी कोणीतरी त्याला रीतसर नाव दिले होते. बाईंनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. आम्ही दोघे एकाच जातीचे निघालो. आणि नियम असा, की एका जातीला दोन नावे पडली तर आधीचे खरे. हे बाईंखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. त्या गप्प बसल्या असत्या, तर चालून गेले असते.

त्यांनी ताईंना बोलावून घेतले. मी टेबलावरच होते.

"ताई, तुझं नाव काढावं लागणार."

"का गं, मी काय केलं?"

"तू नाही, चुकलं माझं. याचं नाव आधीच ठेवलेलं होतं."

ताई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे मी आता साधं गवतसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. बाईंनी माझा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

मग ताईच म्हणाल्या, "लहानपणी सायीची वाटी आधी मला मिळायची. थोरली म्हणून. तेव्हा तू घर डोक्यावर घ्यायचीस."

"हो."

"आता नावांतलं थोरलं आलंय. दे त्याचा मान त्याला. आणि तूच लिही, दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नकोस."

बाईंनी नवी चिठ्ठी लिहिली, खाली सही केली आणि ती माझ्या कागदावर डकवली. अक्षर सरळ आले. ताईंच्या नावाची जुनी चिठ्ठी त्यांनी काढली नाही. आमच्याकडे तशी रीतच आहे.

त्यानंतर माझी विचारपूस थांबली. खालच्या कप्प्यात ओल आली, किड्यांनी एक पान फस्त केले. एक नवे साहेब म्हणाले, "सगळ्यांचे फोटो झालेत. हा पसारा आता कशाला?"

बाईंच्या जागी आलेल्या शास्त्रज्ञ शांतपणे म्हणाल्या, "साहेब, फोटोतलं बी फोडून बघता येत नाही." मग त्यांनी मला कोरड्या कप्प्यात ठेवले.

मित्रांनो, नाव गेले म्हणून मी रडत नाही. ज्यांनी ते प्रेमाने दिले, त्यांनीच ते खरेपणाने परत घेतले. आता माझी पाने ठिसूळ झाली आहेत. कधी मला पाहायला आलात, तर दोन्ही हातांनी अलगद उचला. आणि तुमचे काही चुकले, तर कागद फाडू नका. शेजारी बरोबर काय ते लिहा, आणि खाली न लाजता सही करा.