मनीषाने दिलेली वर्दी

सिनेमावाल्यांना लोकांना हसवायचं होतं, म्हणून त्यांनी मारामारी आणली. दक्षिणेत गाजलेला एक सिनेमा हिंदीत पुन्हा काढायचा होता. तुरुंगातले कैदी विरुद्ध शिपाई अशी फुटबॉलची मॅच, आणि मॅचच्या नावाखाली यथेच्छ धुलाई. तिकडे लोक पोट धरधरून हसले, तेव्हा इकडेही हसणारच, असा साधा हिशेब. जबलपूरला अधारताल वस्तीच्या पुढे एक बंद कारखाना होता. त्याच्या भिंतींना पिवळा रंग फासला, वर काटेरी तार ओढली आणि जेल तयार. दिग्दर्शक सिव्हिल लाइन्सच्या हॉटेलात उतरलेला, आणि त्याला म्हणे खरे चेहरे हवे होते. मग शिक्षा भोगून सुटलेले काही लोक आणि जेलातून निवृत्त झालेले काही शिपाई रोजंदारीवर गोळा केले. विस्तवाशेजारी लोणी ठेवायचं आणि ते वितळलं की टाळ्या पिटायच्या, अशातली ही अक्कल.

दिवाकर त्या सुटलेल्यांतला. नळावरच्या भांडणात त्याने शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातली होती आणि माणूस जागच्या जागी गेला होता. दिवाकरला जन्मठेप झाली. तो आत असतानाच बायको सत्यभामा वारली. मुलगी मनीषा मावशीकडे वाढली, शिवणकाम शिकली आणि अधारतालला दोन खोल्या घेऊन एकटी राहू लागली. बाप सुटून आला तेव्हा तिने उंबऱ्यातच सांगितलं की राहा, खा, पण हात उचलायचा नाही. माझ्यावर नाही, कुणावरच नाही. ज्या दिवशी उचलाल त्या दिवशी हे घर तुमचं नाही. दिवाकरने मान डोलावली. तेव्हापासून तो भाजीवाल्याशीसुद्धा चढ्या आवाजात बोलला नव्हता. घर म्हणजे काय, हे त्याला जेलात कळलं होतं.

सिनेमाचे कपडे शिवायचं काम मनीषाला मिळालं आणि तिच्याच शब्दावर बापालाही मैदानात उभं राहायचं काम मिळालं. तरुणपणी तो मोहल्ल्याच्या टीममध्ये फुलबॅक खेळायचा. आता उजवा गुडघा वाकत नव्हता, पण सिनेमाला तेवढं चालतं.

कपडे वाटताना पोरीने एक गडबड केली. यादीत बापाच्या नावापुढे कैद्याचे पट्टेरी कपडे होते. खऱ्या जेलात असले पट्टे आता कोण घालतं, पण सिनेमात कैदी म्हटला की पट्टे हवेतच. मनीषाने ते बाजूला सारले आणि बापाच्या हातात शिपायाची खाकी वर्दी दिली. तो म्हणाला, अगं, मी तर कैद्यांत आहे ना? ती म्हणाली, होतात, आता नाही. बापाला पुन्हा कैद्याच्या कपड्यांत पाहणं तिच्या जिवावर आलं होतं, एवढंच. वर्दी अंगात चढवून दिवाकर आरशापुढे उभा राहिला आणि तिने त्याची कॉलर सारखी केली. त्या वेळी दोघंही सुखात होती.

पण त्यामुळे एक वर्दी कमी पडली. सगळ्यात उशिरा आला रामराव. खरोखरचा निवृत्त शिपाई. त्याच्या वाट्याला उरलेले पट्टे आले. तो फार कुरकुरला, तेव्हा दिग्दर्शकाचा मदतनीस म्हणाला, चाचा, तुमचा चेहराच कैद्याचा आहे. रामराव पट्टे घालून मैदानात आला आणि दिवाकरने त्याला ओळखलं.

हाच तो. दिवाकरच्या गुडघ्यावर दंडुक्याचे घाव घालणारा. उलट उत्तर दिलं एवढाच गुन्हा होता. बाकीच्यांना तो हिंदीत शिव्या द्यायचा. दिवाकरला मात्र मराठीत, आईवरून, अगदी निवांतपणे. परक्या भाषेतली शिवी अंगाला लागते, आपल्या भाषेतली आत जाऊन बसते. दिवाकरच्या आत ती अजून बसलेली होती.

तरी त्याने स्वतःला आवरलं. मनीषा मैदानाच्या कडेला सुईदोरा घेऊन उभी होती. आजचा दिवस जाऊ दे, असं तो मनाशी घोकत राहिला.

मॅच सुरू करायला मदतनीसाने शिटी फुंकली आणि जे झालं ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. सुटलेले सगळेच्या सगळे जोडीजोडीने खाली उकिडवे बसले. हात गुडघ्यांवर, माना खाली. जेलात शिटी वाजली की मोजणीला असंच बसायचं असतं, आणि हे अंगात इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायला वेळच मिळत नाही. दिवाकरही बसला. न वाकणारा पाय बाजूला लांब करून, अंगावर खाकी, हातात लाठी, आणि मान खाली.

सगळं युनिट हसत सुटलं. कॅमेऱ्यामागचा माणूस डोळे पुसायला लागला. दिग्दर्शक ओरडला की हे तर मूळ सिनेमातही नाही, चालू ठेवा! पट्टेवाल्यांत एकटा रामराव तेवढा उभा होता. त्याने दिवाकरला केव्हाच ओळखलं होतं, आणि कपडे देणारी पोर त्याचीच हेही त्याला कळलं होतं. तो दिवाकरपाशी आला, वाकला आणि हळूच म्हणाला, "वर्दी घालून बी बसलाच काहून रे? तुही पोरगी पाहून राहिली ना."

दिवाकरने मान वर केली. मनीषा खरंच पाहत होती. ती हसत नव्हती, आणि तेच त्याला सोसलं नाही. ती हसली असती तर कदाचित पुढचं टळलं असतं.

हातातली लाठी रबराची होती. ती त्याने फेकली आणि मैदानाच्या कोपऱ्यातला झेंड्याचा बांबू उपटला. पहिला तडाखा रामरावच्या खांद्यावर बसला. रामराव हसतच होता, हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. दुसरा पोटरीवर. तो कोसळला. तिसरा बरोबर गुडघ्यावर, मापून, आणि तो आवाज दिवाकरला ओळखीचा वाटला. खोटं कशाला बोलावं, त्याला गोड वाटलं. इतकी वर्षं ज्याची भूक होती ते ताटात पडल्यासारखं. रामरावने डोकं वाचवायला हात आडवे घेतले, तर चौथ्या फटक्याने कोपर मोडलं आणि हात भलत्याच बाजूला लोंबायला लागला. नाकातून रक्त आलं, पट्ट्यांवर पसरलं. रामराव ओरडत होता, की अरे थांबवा याला, हा खरंच मारून राहिला. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. कैदी टाळ्या पिटत होते. हे खरं आहे असं ज्यांना कळलं होतं ते जास्तच जोरात पिटत होते.

दिवाकरने बांबू दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. आता डोकं. तेच, शेजाऱ्याचं फुटलं होतं तिथेच. त्याला पक्कं ठाऊक होतं कुठे मारायचं ते.

बांबू खाली येईना. मागून कुणीतरी धरला होता. त्याने हिसडा मारला, तशी बांबूची चिरफळी कुणाच्या तरी तळव्यातून फाडत गेली. तो गरकन वळला, पुन्हा बांबू उगारला, आणि कुणावर उगारला ते पाहिलं.

मनीषा रक्ताळलेली मूठ छातीशी धरून उभी होती. ती मागे सरली नव्हती. तिने फक्त डोळे मिटले होते.

कट झाला. टाळ्या पडल्या. ही मुलगी कोण, हिला ठेवा, असं दिग्दर्शक म्हणाला. मग रामराव उठेना तेव्हा जरा धावाधाव झाली आणि त्याला कंपनीच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे तो म्हणाला, मॅचमध्ये लागलं. एका कैद्याने आपल्याला लोळवलं हे जन्मभर शिपाई राहिलेल्या माणसाला सांगवत नाही. त्यामुळे पोलीस नाहीत, केस नाही. उलट दिवाकरची पाठ थोपटून त्याला उद्यापासून मोठं काम देतो म्हणाले. दैवानेच त्याला सोडून दिलं म्हणायचं.

तो कपड्यांच्या तंबूत आला. मनीषा पट्टी बांधलेल्या हाताने शर्ट मोजत होती. त्याने वर्दी उतरवून पुढे ठेवली. तिने घडी घातली.

"बाबा, मी आले नसते तं डोक्यात घातली असती ना?"

"हो."

"सब लोग बोल रहे हैं, ॲक्टिंग होती. मी बी तेच म्हणू शकते. घरी चला म्हणू शकते." तिने वर्दी बाजूला ठेवली. "पण मंग तुम्हीच सांगा, तुम्ही बाहेरच्या खोलीत, मी आत, मी झोपू कशी?"

खोटं बोलायची ही वेळ होती. एक शब्द पुरला असता, कारण पोर विश्वास ठेवायलाच बसली होती. दिवाकरने तिच्या हाताकडे पाहिलं. पट्टीतून रक्त अजून झिरपत होतं आणि शिवणारा तोच हात होता.

"आतून कडी लावून घेत जाय," तो म्हणाला. "मी आलो अन् दार वाजवलं, तरी उघडू नको."

त्याने आपला जुना सदरा घातला आणि पाय ओढत तो फाटकाकडे निघाला.