मडगार्डावरचा पोचा

निळ्या रंगाखाली काळा रंग लागला आणि जोतीरामचा हात थबकला. पॉलिशपेपर तसाच मुठीत धरून तो फियाटच्या डाव्या मडगार्डाकडे बघत राहिला.

उंब्रजला हमरस्त्यावर त्याचं डेंटिंगचं गॅरेज होतं. ते लेकाच्या हवाली केल्यापासून भंगारातल्या जुन्या गाड्या आणून त्यांना मूळ रूप द्यायच्या नादाला तो लागला होता. शिराळ्याहून आणलेली ही तिसरी. इंजिन सुरू झालं होतं, राहिला होता रंग. जुनी लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, खरवडून पार पत्र्यापर्यंत जायचं, लपवाछपवी ठेवायची नाही, हा त्याचा हट्ट. गाड्यांच्या बाबतीत तो भलताच सोवळा होता.

काळा रंग निघाला, त्याखालची बोटभर लांबी निघाली. आत खोल पोचा होता आणि लांबीनं पत्रा धरावा म्हणून ओरखडलेल्या उलट्या तिरक्या रेघा. डावखुऱ्या हाताच्या. पंचक्रोशीत डावखुरा डेंटर एकच होता, तो स्वतः.

चाळीस वर्षांपूर्वी एकदा उजाडता उजाडता गाडीच्या तेव्हाच्या मालकानं ती त्याच्याकडे आणली होती. म्हैस आडवी आली म्हणाला, आजच्या आज करून दे म्हणाला. गॅरेज नवं, गिऱ्हाईक मोठं. दिव्याच्या रिंगेत हिरव्या काचेचा तुकडा अडकला होता. म्हशी बांगड्या भरत नाहीत, एवढं जोतीरामला तेव्हाही कळत होतं. त्यानं तुकडा काढून फेकला आणि लांबी कालवली. दोन दिवसांनी कानावर आलं, मेंढरं घेऊन निघालेल्या बिरदेव धनगराची बायको हरणाबाई रस्त्यात गेली. उडवणारी गाडी सापडली नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथं चाळीस वर्षं राहिलं. फक्त दारात कासार आला की जोतीराम उठून बाहेर जायचा.

त्यानं बायकोला, रंगूबाईला, सगळं सांगितलं. ती बराच वेळ आपल्या मनगटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "ठोकून सरळ करा आन् गप ऱ्हावा. मालक मेला. आता कुणाला काय?"

"बिरदेव हाय की अजून," तो म्हणाला.

तशीच खरवडलेली गाडी घेऊन तो कडेगावला गेला. बिरदेवचं घर गावाबाहेर, रानात. म्हातारा शेळ्यांना पाला टाकत होता. जोतीरामनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हातारा काठी घालेल असं त्याला वाटलं होतं. घातली असती तर बरं झालं असतं.

बिरदेवनं एवढंच विचारलं, "तुला कवा कळलं?"

"त्याच दिशी."

म्हातारा मडगार्डाजवळ आला. त्यानं पोच्यात तळवा ठेवला. उन्हानं पत्रा तापला होता, तरी त्यानं हात काढला नाही.

गाडीचं आता काय करू, असं जोतीरामनं कसंबसं विचारलं.

"आज हितंच ऱ्हाऊ दे," बिरदेव म्हणाला. "त्या दिशी आमी मेंढरांसंगं लय मागं व्हतो. यीस्तवर ती एकलीच पडली व्हती."

जोतीरामनं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो एसटीच्या रस्त्याला लागला. वळणावर मागं पाहिलं, तर बिरदेवनं खांद्यावरची घोंगडी काढून मडगार्डावर पांघरली होती आणि तो चाकाला टेकून खाली बसला होता.